तिला न दिलेला डाग

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मी बेचाळिशीत होतो. बायकोची दोन्ही मनगटं सुजली होती, हात लावला तर तव्यासारखी गरम. रात्री वळलेली बोटं ऊन चढेपर्यंत उघडत नसत. लोकर कातणं तिनं सोडलं होतं.

आम्ही बिदरजवळच्या चिंताकी गावाकडचे धनगर. मेंढरू लंगडलं की सांध्यावर तापल्या सळईचा डाग द्यायचा, हे माझं औषध. माणसंही गुडघा, पाठ धरून माझ्या दारात यायची. पण तिच्या अंगाला सळई लावायला मन होईना. तिला बिदरला नेलं.

डॉक्टरनं कानडीत समजावलं. सांध्याच्या आत पातळ अस्तर असतं. रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तातून येऊन तिथंच ठाण मांडून बसल्यात, आणि आपल्याच अस्तराला परकं समजून त्यावर तुटून पडल्यात.

"म्हणजे राखणीचं कुत्रंच मेंढरं खायलंय," मी म्हणालो. "मारा की त्याला."

"सगळी राखण मारली तर साध्या तापातबी ती जाईल, अण्णा."

"आन् डाग दिला तर?"

"वरची कातडी भाजंल. आत काय पोचणार न्हाई."

माझ्या विद्येला असं कुणी बोललं नव्हतं. रागानं उठलो, गोळ्या मात्र घेतल्या. वाटभर त्याचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

संध्याकाळी तिनं विषय काढला. "गावाला डाग देताव, मेंढराला देताव. मला कामून न्हाई?"

"आत पोचत न्हाई ते."

"गावाला पोचतंय, माझ्यातच पोचत न्हाई व्हय! बायको मेंढरापेक्षा हलकी झाली का तुमची?"

बोलता बोलता रडायला लागली. मला ते बघवेना. तिला गप करायला बोलून गेलो, "देतो सकाळी."

सकाळी उठलो तर चूल पेटलेली. तसल्या हातांनी तिनं सळई निखाऱ्यात सरकवली होती, आणि मनगटं पुढं करून बसली होती. मी सळई उचलली. तिनं डोळे मिटले. मी ती चुलीशेजारच्या पाण्याच्या तपेल्यात बुडवली. चर्रर्र आवाज झाला, पाणी कोमट झालं. तिचे दोन्ही हात धरून मी त्यात घातले.

"फसवलाव मला," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

बाहेर कुंपणाच्या वाडग्यात मेंढरं ओरडत होती. मी पाण्यात तिचं एकेक बोट उघडत बसलो. सोडलं की ते परत वळायचं.