कंपनी फोटो घेत न्हाई

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगायलेय तेही धड कळत नाही — पण पोटात ठेवून चार वर्षं झाली, आता बास.

परभणीत मी दुकानदारांना वेबसाईट करून देते. बियाणंवाले, साडीवाले, शेगड्या दुरुस्त करणारे. लोकांना दुकान सापडावं, आणि आलेला माणूस लगेच माघारी जाऊ नये — एवढंच माझं काम. सगळ्यांना एकच गोष्ट ठणकावून सांगते: तुमचं नाव टाका, गावाचं नाव टाका, स्वतःचा फोटो टाका, गिऱ्हाइकाला माणूस दिसू द्या. एक सराफ फोटोला लाजायला लागले तर त्यांना चक्क रागावले होते. अशा वेळी माझी जीभ लय चालते.

आणि माझ्या मायच्या वेबसाईटवर? थांबा, सांगते.

माय ताडकळसला राहते. येसर करते — धान्य आणि मसाले खरपूस भाजून, दळून केलेलं पीठ. फोडणीच्या पाण्यात कालवलं की लग्नाघरची आमटी तयार. आठवडी बाजारात पोतं अंथरून बसते आणि दुपारपर्यंत पोतं झटकून उठते. लोक 'गयाबाईचा येसर' म्हणूनच मागतात. मीच तिला म्हणलं, माय, आपण हे बाहेरगावी पण विकू. त्या दिवशी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून कढईपाशी बसली. मी मोबाईलवर फोटो काढला. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. फोटो इतका चांगला आला की — खरंच सांगते — मला अभिमान वाटला होता.

मग परभणीला येऊन कामाला बसले, आणि पहिल्यांदा भिंत कापली. तसबीर उगं कशाला, म्हणलं. मग आडनाव काढलं. आमचं आडनाव वाचलं की काही माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत. त्यांना उत्तर मिळालेलं असतं. खायची वस्तू — घेतील का? मला असं कुणी म्हणालं होतं का? नाही. मीच मनात विचारलं आणि मीच उत्तर दिलं. मग 'गयाबाई' काढलं. ताडकळस काढलं. शेवटी मायच काढली. तिच्या जागी फुकटच्या फोटोंतली एक बाई बसवली, गोरी, हसरी, मोठ्या नथीची. वर लिहिलं, 'आजीच्या हातची अस्सल चव'. कुणाच्या आजीच्या? आणि या सगळ्याला मी तेव्हा सुधारणा म्हणत होते.

मायनं मोबाईल हातात घेतला आणि विचारलं, माझा फोटो कुठंय. मी म्हणलं, "कंपनी फोटो घेत न्हाई, माय. ही त्यांचीच बाई असती."

कसली कंपनी? कंपनीबिंपनी काही नव्हतं.

ती त्या बाईकडं लय वेळ बघत राहिली. "हिच्या हाताला भाजल्याचा एक डाग न्हाई बग," एवढंच म्हणाली. पुढं बाजारात बायका विचारायच्या तेव्हा माझं खोटं तीच सांगायची — कंपनीचा नियम हाय, आपलं काय चालतंय. मी शेजारी बसून ऐकलंय. मान खाली घालून, पोतं सारखं करत.

वेबसाईट काही चालली नाही. मी शीर्षकं बदलली, फोटो हलके केले, पान पटकन उघडेल असं केलं, 'घरगुती', 'पारंपरिक' असले शब्द जागोजागी पेरले. लोक यायचे, त्या हसऱ्या बाईकडं बघायचे आणि जायचे. मग या उन्हाळ्यात, लोक काय लिहून शोधतात ती यादी मी पहिल्यांदा नीट वाचली. 'ताडकळस येसर'. 'गयाबाई येसर ताडकळस'. 'गयाबाईचा येसर फोन नंबर'. पुन्हा पुन्हा तेच. येसर एवढा एकच शब्द जुळायचा म्हणून माझं पान खाली कुठंतरी दिसायचं, आणि गयाबाई दिसली नाही की माणूस पुढं जायचा. काखेत कळसा न् गावाला वळसा. कुणाच्या तरी लग्नात जेवलेली माणसं माझ्या मायला नावानं शोधायली होती, आणि मी तिला लपवून बसले होते. लाज वाटली. खुर्चीत बसल्या जागी रडले.

त्याच दुपारी सगळं बदललं. वर मोठ्या अक्षरांत — गयाबाईचा येसर, ताडकळस. खाली आडनावासकट पूर्ण नाव. बोट लावलं की मला फोन लागेल असा नंबर. आणि तो फोटो, अख्खा, भिंतीसकट. आठवडाभरात सोनपेठहून एका शिक्षिकेचा फोन आला. लेकीच्या लग्नाला येसर पाहिजे होता, पण त्यांनी आधी खात्री करून घेतली, की या कढईपाशी बसलेल्या त्याच गयाबाई ना. आता फोन येत राहतात. आडनाव वाचून कुणी परत जात असेल का? असेलही. जाऊ दे.

पण मायला सांगायचं राहिलंच होतं. गेल्या रविवारी ताडकळसला गेले. ती भाजत बसली होती. मोबाईल पुढं धरला. तिनं पदराला हात पुसले, बघितलं, आणि तोंडभर हसून म्हणाली, "कंपनीनं हो म्हणलं वाटतं?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. तीही खूश, मीही.

"कंपनी न्हवती, माय. ती मीच होते."

तिचं हसू गेलं. का केलं, ते तिनं विचारलं नाही. तिला कळलं असणार. तिनं जन्मभर तेच बघितलंय. कढईतलं धान्य करपायला लागलं तशी तिनं कढई उतरवली आणि बराच वेळ ते नुसतं हलवत बसली. मग हात पुढं करून मोबाईल परत मागितला.

"मागची तसबीर दिसायली का?"

दिसायलीय, म्हणलं.

"मग जरा मोटा कर."

मी केला.