चार घरं पुढची मोरी

खाणावळवाल्या मावशी तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतून वर कढत पाणी सोडायच्या. आपली मोरी कधी तुंबत नाही, याचा त्यांना भारी तोरा. चार घरं पुढे राहणाऱ्या लेकीची मात्र सारखी तुंबायची. "आळशी बाईचीच तुंबते," असं मावशींनी सुनावल्यापासून लेकीनं येणंच सोडलं होतं.

एकदा गटार साफ करणारा थिजलेल्या तेलाचा गोळा घेऊन दारात आला. "मावशी, गटारात तेल सोडायला बंदी आहे."

"माझी मोरी बघ, कशी लख्ख आहे."

"असणारच. इथून पातळ जातं, थिजतं लेकीच्या दारात."

मावशींचा चेहरा उतरला. उरलेलं तेल डब्यात भरून त्या ब्रश घेऊन लेकीकडे गेल्या.

"आज कशी वाट चुकलीस, आई?"

"मोरी घासायला आले. घाण माझीच आहे."

लेकीनं पदर खोचला आणि पाणी ओतायला घेतलं.