ताईचं फोल्डर कॉपी होत होतं तेव्हा...

मी असल्या गोष्टी मानत नाही. इथले अनुभव वाचते, पण 'काहीतरी लॉजिकल कारण असेलच' असं मनात म्हणत. त्यामुळे स्वतःचाच लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. शिक्षण इंग्लिश मीडियमचं, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

२००७. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा कारखान्यात फिटर. घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कट्-कट् वाजायला लागली होती, विंडोज सुरूच होत नव्हतं. त्यात माझ्या ताईचा आवाज होता. नवीन माइक आणला तेव्हा गंमत म्हणून रेकॉर्ड केलेला. त्यानंतर वर्षभरातच ताई वारली. दुसरी कॉपी नव्हती.

अंबडचा मेकॅनिक म्हणाला, "एक्स्टर्नल डिस्कवर दुसरी सिस्टिम टाका, तिच्यावरून चालू करा अन् जुन्यातलं काढून घ्या. पण जल्दी. ही डिस्क आता एखाद्या वेळेसच साथ देईल."

एक्स्टर्नल डिस्क आणि त्या दुसऱ्या सिस्टिमची, लिनक्सची, सीडी घेऊन मी हॉस्टेलवरून घरी आले, तर नेमकी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी अवजारं-यंत्रं पुजतात, मग त्यांना हात लावत नाहीत. कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू लागलेलं.

"आज न्हाई," बाबा म्हणाले. "त्याला बी एक दिवस सुट्टी असू दे."

"बाबा, परवा पेपर आहे, दसरा असला तरी उद्या सकाळी मला परत जायचंय."

"मंग दिवाळीत कर."

दुपारी आई-बाबा कारखान्यातल्या पूजेला गेले... आणि मी बटण दाबलं.

इन्स्टॉल करताना यादीत दोन डिस्क दिसल्या. चारदा वाचून एक्स्टर्नल निवडली. अर्ध्याच्या वर काम झालं असेल, तेवढ्यात पंखा थांबला. शेजारचा टीव्हीही गप्प. लोडशेडिंग. स्क्रीन मात्र चालू — म्हटलं, यूपीएस आहे, त्याच्या बॅटरीवर थोडा वेळ मिळेल. इन्स्टॉल संपलं, रीस्टार्ट झालं, ताईचं फोल्डर उघडलं, कॉपी झालं. पंखा अजून बंदच. मी शटडाउन केलं आणि यूपीएस बंद करायला टेबलाखाली वाकले.

तिथे यूपीएस नव्हता. धुळीत फक्त एक स्वच्छ चौकोन. कॉम्प्युटरच्या एक्स्टेंशन बोर्डाचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटात.

यूपीएस पुढच्या खोलीत पाटावर होता. बाबांच्या पान्यांशेजारी, वर झेंडू, वायर गुंडाळलेली. मी परत येऊन कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच नाही. लाइट चारनंतर आली.

संध्याकाळी आईला यूपीएसचं विचारलं.

"सकाळीच ठेवला की," ती म्हणाली. "कॉम्प्युटरचं एवढं मोठं धूड पाटावर कसं ठेवावं? म्हणून त्याच्यातला हा डबा ठेवला." मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच, "चालू केल्ता का तू?"

मी सगळं सांगितलं.

जुनी डिस्क त्यानंतर कधीच फिरली नाही. वायरमन म्हणतो, पंखा आणि तो प्लग एकाच लाइनवर आहेत, बिलकुल शक्य नाही. मी सर्किटची पुस्तकं चाळली, सरांना विचारलं. मला आजही कळलेलं नाही.

आईला मात्र लाइटचं काहीच विचारावंसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली होती, "आवाज आला का तिचा?"