चिऱ्यावरचा दुसरा माणूस

सातारा सोडताना बायको म्हणाली, "दहाव्याला गेला नाहीत, तेराव्याला गेला नाहीत, आणि आता दगड बघायला निघालाय होय?" बोलणं लागलं, पण तिचं काही चुकलं नव्हतं. काशिनाथ गावित वैशाखात वारला तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त सांगून घरीच बसलो होतो. गुडघा दुखतो हे खरं. गुडघ्यामुळे गेलो नाही, हे खोटं.

माघ महिन्यात त्याच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला. "काका, बाबांचा चिरा तयार हाय. बाबा सांगून गेलेत, जगताप आल्याशिवाय चिरा बसवायचा नाय." चिरा (गेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर बसवतात तो कोरलेला दगड) ही नाशिकच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली रीत. मेलेल्या माणसानंच बोलावणं धाडलं म्हटल्यावर कुठलं निमित्त सांगणार? पेटीतून पदकं काढली, रुमालात गुंडाळली आणि निघालो.

नाशिकला सकाळी सात वाजता उतरलो. आमच्या गाडीच्या खिडकीची काच पुण्यापासून वर सरकत नव्हती, त्यामुळे डावा कान पार बधिर झाला होता. स्टँडसमोर मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पापड देतात आणि वाटीभर दही. ते दही कशासाठी हे पहिल्या घासाला कळतं. नाक पुसत फुलांच्या दुकानात गेलो आणि पुष्पचक्र बांधायला सांगितलं.

दुकानदार चाळिशीतला, बोलका. झेंडू लावता लावता म्हणाला, "शहीद का, साहेब?"

"नाही. घरी वारला. कावीळ झाली होती."

"मग हार न्या की. चक्र कशाला?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण माझं डोकं फिरलं. "सतरा वर्षं फौजेत नोकरी केलीय त्यानं. घरी येऊन मेला हा काय गुन्हा झाला का?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. त्या बिचाऱ्यानं झेंडू काढून टाकला आणि सगळं चक्र निशिगंधाचं बांधून दिलं. माझा आवाज एवढा का चढला ते मला चांगलं ठाऊक होतं. राग त्याच्यावर नव्हताच.

पेठच्या एस.टी.त बसलो. रामशेजचा डोंगर मागे पडला, द्राक्षबागा संपल्या आणि रस्ता सावळघाटाला लागला. पुढचा मुलूख निराळाच. उघडे डोंगर, भाताची रिकामी खाचरं, आणि मधूनमधून राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन) भाजल्याचे काळे ठिपके. दर वळणाला चक्र मांडीवरून घसरत होतं. ते धरून मी बसलो होतो आणि डोक्यात एकच विषय फिरत होता. तो तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल.

काशिनाथ आणि मी एकाच पलटणीत होतो. बत्तीस वर्षांपूर्वी, उत्तरेकडे, बर्फातल्या एका चौकीवर. एका सकाळी वीस-एकवीस वर्षांच्या एका जखमी शिपायाला खाली दवाखान्यात पोहोचवायचा हुकूम झाला. स्ट्रेचरला पुढे काशिनाथ, मागे मी. निम्म्या वाटेत पोरगं गेलं. वारा सुटला होता, वाट दिसेना. मी म्हणालो, "इथेच ठेवू, उद्या नेऊ." काशिनाथ म्हणाला, "पोरगं एकटं राहील." मी त्याला शिव्या दिल्या आणि एकटाच खाली निघून आलो. दिवस मावळायच्या सुमारास काशिनाथ आला. पोरगं पाठीवर दोरानं बांधलेलं होतं आणि त्याला स्वतःला सरळ उभं राहता येत नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "जगताप आणि मी आणलं. जगताप वर्दी द्यायला पुढे आला."

मी तोंड उघडलं नाही. शाबासकीच्या कागदावर दोघांची नावं लागली. माझ्या गावात त्याच कागदावर पंधरा ऑगस्टला मला खुर्ची मिळते. एकदा काशिनाथला विचारलं होतं, "खोटं का बोललास?" तो म्हणाला, "पोरगं घरी गेलं ना? मग झालं." तो दर दिवाळीला पत्र टाकायचा, शेवटी 'एकदा येऊन जा' असं लिहायचा. मी कधी गेलो नाही. आता ठरवलं होतं की चिरा बसायच्या आधी त्याच्या बायकोला सगळं सांगायचं.

पेठला उतरून काळी-पिवळी जीप धरली. ड्रायव्हरनं माझं चक्र टपावर ठेवलं आणि त्यावर तांदळाचं पोतं टाकलं. मी ओरडलो तोवर व्हायचं ते झालं होतं. शेजारी एक नवरा-बायको बसले होते. हात औषधांच्या फवारणीनं निळसर झालेले. दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेले होते, दोन दिवसांसाठी परत चालले होते.

"गावितबाबाच्या चिऱ्याला," तो माणूस म्हणाला. मग माझी मिशी बघून थोडा पुढे झुकला. "तुमी जगताप ना? तुमी दोघांनी तो मेलेला पोऱ्या बर्फातून आणला. बाबा लय वेळा सांगायचे."

त्याच्या बायकोनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला हात जोडले. सांगायला ही पहिली संधी होती. मी म्हणालो, "हो, मीच जगताप," आणि बाहेरचे डोंगर बघत बसलो. बत्तीस वर्षांची सवय, अशी सुटते थोडीच.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. काशिनाथचं घर कुडाचं, पण अंगण असं सारवलेलं की पाय ठेवायला जीव होईना. यमुनावहिनी दारात आल्या. बारीक अंगाच्या, केस पूर्ण पांढरे. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आलात," त्या म्हणाल्या. "त्यांनी लय वाट बघितली तुमची."

चेपलेलं चक्र पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेऊन ओसरीवर ठेवलं आणि निशिगंधाच्या मोडलेल्या काड्या एकेक सरळ करत बसल्या. सुमननं नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं वरण आणि सुक्या मासळीची चटणी वाढली. ओसरीच्या भिंतीशी एक गोधडी घडी घालून ठेवली होती आणि तिच्या वर, माणसाच्या पाठीच्या उंचीला, भिंत काळपट गुळगुळीत झालेली होती. विचारलं नाही.

जेवण झाल्यावर गावाबाहेर आंब्याखाली गेलो. तिथे जुने चिरे ओळीनं उभे होते, शेंदूर उडालेले, काही कलंडलेले. काशिनाथचा चिरा अजून आडवा, गोणपाटाखाली होता. कोरणारा लहानू भोये त्याच्याजवळ विडी ओढत बसला होता. जमलेले वीस-पंचवीस लोक बाजूला झाले. लहानूनं गोणपाट ओढलं.

वर चंद्र-सूर्य. खाली दोन माणसं, खांद्यावर दांडे, मध्ये झोळीत तिसरा. पुढचा ठेंगणा, म्हणजे काशिनाथ. मागचा उंच, वर वळलेल्या मिशीचा.

"मिशी त्यानंच सांगितली," लहानू कौतुकानं म्हणाला. "आजारात पडल्या पडल्या मला हातानं काढून दाखवायचा. म्हणं, दुसरा मानूस नीट काढ."

भगतानं (पूजा सांगणाऱ्यानं) नारळ हातात घेतला होता. आता बोललो नाही तर कधीच नाही, हे कळत होतं. मी म्हणालो, "थांबा," आणि सगळं सांगितलं. कुठं थांबलो, काय म्हणालो, कशा शिव्या दिल्या, कसा निघून आलो. आवाज चिरकत होता. माझी लाज मलाच ऐकू येत होती. जीपमधला तो माणूस समोरच उभा होता. त्यानं मान खाली घातली.

मग यमुनावहिनी, अगदी हळू, म्हणाल्या, "एकट्यानं पाठीवर?"

"हो."

"मला सांगायचे, झाडावरून पडलो." त्या चिऱ्याकडे बघत होत्या. "आडवं झोपताच येत नव्हतं त्यांना. उभी जिंदगी भिंतीला पाठ लावून झोपले. मी रोज म्हणायची, कोणतं झाड ते तरी दाखवा."

सुमन रडायला लागली. वहिनी रडल्या नाहीत. मला वाटतं, त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

लहानूनं छिन्नी उचलली. "मागचा काढून टाकू का? घडीभराचं काम हाय. जागा सपाट करून देतो."

"काढा," मी म्हणालो. "वहिनी, काढायला सांगा. मी दगड धरतो." मनापासून बोललो होतो. तो खरवडला जाताना बघितला की छातीवरचं ओझं उतरेल, अशी माझी खात्री होती.

वहिनींनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "नाय. त्यांनी जाताना सांगून कोरून घेतलाय तो. मेलेल्या मानसाचं बोलणं मी खोडणार नाय." आणि जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाय."

भगतानं नारळ फोडला. चिरा उभा करायला चौघे लागले. त्यांत मीही होतो, कारण वहिनींनी मला नावानं बोलावलं. सुमननं बापाची पदकं साडीवर उजव्या बाजूला लावली. गेलेल्याची पदकं घरच्यांनी उजवीकडे लावायची असतात, हे काशिनाथनंच तिला शिकवलं होतं. मग तिनंच शेंदूर लावला. आधी चंद्र-सूर्याला, मग झोळीतल्या पोराला, मग काशिनाथला, आणि तोच हात न थांबता कोरलेल्या माझ्यावरून फिरला. कोंबडं कापलं त्याचं रक्त दोघांच्याही पायांशी पडलं. मी ताठ उभा राहून सलाम केला. माझी पदकं रुमालातच राहिली.

निघताना वहिनींनी बरोबर नागलीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. म्हणाल्या, "दर वर्षी या दिवशी शेंदूर लावतो. येत जा." त्या बोलण्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. मी "येतो" म्हणालो.

परतीच्या वाटेवर पेठला गाडी चुकली, दोन तास फलाटावर बसलो. माणूस लढाईत मेला की त्याची चौकशी करायला सगळे येतात. जो परत येतो आणि दुखणं पाठीत घेऊन भिंतीला टेकून म्हातारा होतो, त्याला त्याच्या बायकोनंही ओळखलेलं नसतं. काशिनाथला ओळखणारा मी एक होतो, आणि बत्तीस वर्षं मी त्याच्या घरी गेलो नाही. त्याला माझ्याकडून शाबासकी नको होती. मी नुसता त्या ओसरीवर बसलो असतो तरी त्याला पुरलं असतं, असं आता वाटतं. आता वाटून काय उपयोग.

घरी पोहोचलो. बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "काय कोरलंय दगडावर?"

"दोन माणसं तिसऱ्याला घेऊन चाललीत."

"एक गावित भाऊजी. दुसरा कोण?"

तिला सांगितलं. ती उठून आत गेली. तिकडे पाड्यावर माझं बोलणं ऐकलेले वीस-पंचवीस लोक आहेत. ते कामाला पांगतील, म्हातारे होतील, जातील. मी त्यांच्याही आधी जाईन. चिरा मात्र शंभर वर्षं उभा राहील, आणि जो तो बघेल त्याला सांगेल की पोरगं दोघांनी मिळून आणलं. म्हणून हे लिहून ठेवलं. कधी त्या बाजूला गेलात आणि आंब्याखाली तो दगड दिसला, तर पुढच्या ठेंगण्या माणसाला हात जोडा. मागचा, वर वळलेल्या मिशीचा, तिथे नव्हता.