व्याह्यांचं इंजिन बघणं

आमच्या व्याह्यांइतका चोखंदळ माणूस अख्ख्या न्यूझीलंडात नसेल. असलाच तर त्याच्या घरी अजून चहा झाला नसेल, कारण तो पातेलं निवडत बसला असेल. हे वांगंसुद्धा कानाशी नेऊन वाजवतात. जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घ्यायला गेले की दोन पायांत दोन तऱ्हेच्या घालून दुकानाला प्रदक्षिणा घालतात. जन्मभर पुण्यात भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर मुलीकडे हेन्डरसनला आले. ती मुलगी माझी सून, मीही त्याच घरात. तेव्हा त्यांना नावं ठेवायचा हक्क माझा. दुसऱ्या कुणी ठेवली तर मी खपवून घेत नाही.

दोन हजार चौदाच्या सुमाराला त्यांनी बोट घेतली. विलायतेत कालव्यांतून चालतात तसली, लांबट, अरुंद, आणि आत इंजिनच नाही! घेतली ती विहीणबाईंसाठी. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना गाडीचा एक धक्का सोसत नव्हता. दवाखाना सोडला तर घराबाहेर पडणं नाही, रात्री धड झोप नाही. घरामागेच खाडी. व्याही म्हणाले, "रस्त्याला खड्डे असतात, पाण्याला नसतात."

मी चौथी शिकलेला, पण विहिरीवरचं डिझेल इंजिन उभी हयात चालवलंय. सांगितलं, "हळू फिरणारं घ्या, व्याहीबुवा. ढक, ढक, ढक. भरभर फिरतं ते लवकर झिजतं. बैलाचं तेच, माणसाचं तेच."

"तुमचं ढक ढक तिच्या पाठीत जाईल. भरभर फिरणाऱ्याचा नुसता गुणगुणाट होतो."

"आणि मधेच बंद पडलं तर?"

"म्हणून तर बघत हिंडायचं!"

मग सुरू झालं इंजिन बघणं. मुलगी बघायला जावं तसे इस्त्रीचा सदरा घालून निघायचे, पिशवीत स्टीलचा पेला. मालकाने आधीच चालू करून ठेवलेलं इंजिन हाताला कोमट लागलं, की हे धपाट्यांचा डबा उघडून तिथेच बसायचे. "थंड होऊ दे. गार असताना एका झटक्यात उठतं का ते बघायचंय." उठलं, की ते पूर्ण वेगात पळवायचं आणि इंजिनाच्या डोक्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा. थेंब सांडला की स्थळ नापसंत. गमबूट घातलेल्या एका गोऱ्या शेतकऱ्याला वाटलं, पाहुण्यांची काही रीत असेल. तो पेला उचलून घटाघट प्यायला आणि म्हणाला, "स्वीट ॲज, मेट!" म्हणजे झकास, दोस्ता. व्याह्यांनी शांतपणे पेला पुन्हा भरला. त्याचंही इंजिन नापास झालं.

शेवटी एका जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं मिळालं. पूर्ण वेगात पेल्यातलं पाणी नुसतं शहारलं, सांडलं नाही. घरी आणून त्याला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हा मान वर केली नव्हती हो!"

भरतीचं पाणी चढलं की बोट धक्क्याच्या पातळीला येते. विहीणबाईंची चाकाची खुर्ची तेवढ्या वेळातच आतबाहेर ढकलता येते. पहिल्या दिवशी भर भरतीला निघालो. विहीणबाई पाण्यात बोटं बुडवून, बदकांशी बोलत बसल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं, तर मान कलती होऊन गाढ झोपलेल्या.

मी म्हणालो, "वळवा, व्याहीबुवा. ओहोटी लागली."

"वळवलं तर हिसका बसेल."

"अहो, भूगोल शिकवलात ना तुम्ही? मग ही खुर्ची वर कशी चढवणार?"

"पाणी परत येतं. झोप येत नाही."

असं म्हणून सरळ जात राहिले. पाणी खोल होतं तिथे नांगर सोडला, पण इंजिन बंद करेनात. आवाज थांबला तर ती उठेल, म्हणाले. दोन्ही काठांना चिखल उघडा पडला, ऊन उतरलं, पुढच्या भरतीला अजून अवकाश होता. इंजिन एकदाही खोकलं नाही. हळू फिरणारंच टिकतं, हे माझं मत आजही कायम आहे. 

दिवेलागणीला विहीणबाईंनी डोळे किलकिले केले. "पोचलो का हो घरी?"

व्याह्यांनी शाल त्यांच्या खांद्यावर सारखी केली. "अजून वेळ आहे. नीज तू."