फक्कीच्या रेघांचं घर

पुंजाराम माळ्याला कागदांचं भलतंच वेड. अकोटच्या रस्त्यावरल्या त्या गावात कोणाला सातबारा काढायचा असो की फेरफार पाहायचा असो, लोक पुंजारामच्या ओट्यावर येऊन बसत आणि त्याला कागदांची थैली उघडायला लावत. अन् याच माणसाला उतारवयात स्वतःच्या बायकोसाठी दोन खोल्या बांधता आल्या नाहीत. आता काय म्हणावं याला?

बायको पार्बताबाई. शेत तिचंच, बापानं मरताना तिच्या नावावर केलेलं. एक एकर, त्यात शेवंती, झेंडू अन् निशिगंध. जन्मभर पहाटे फुलं तोडून दोघांनी अकोल्याच्या बाजारात नेली, पण राहिले गावातल्या अरुंद गल्लीत, जिथं दुपारीही दिवा लावावा लागे. मागच्या वर्षी तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी पुंजारामला बाजूला घेऊन सांगितलं, मोकळ्या हवेत ठेवा, दिवस फार नाहीत. तिनं आपणहून एवढंच मागितलं, "आवो, वावरात दोन खोल्या बांधा. दार शेवंतीकडं ठेवजा. सकाळी डोया उघडला का फुलं दिसली पायजेत मले."

दुसरा कोणी असता तर विटा टाकून मोकळा झाला असता. पण शेजारच्या नत्थुजीनं वावरात विनापरवानगी बांधलेलं घर सरकारी लोकांनी मशीन आणून पाडलं होतं, अन् त्या धुळीत त्याची म्हातारी भांडी वेचत होती. पुंजारामनं ते उभं राहून पाहिलं होतं. "पार्बते, तुले घरातून कोणी उठवलं त मले पायवणार नाई," तो म्हणाला. "कागद करून बांधतो."

त्याच्या मते अर्धे कागद तर थैलीतच होते. विहिरीजवळ अवजारांची टिनाची खोली होती, तिची अठरा वर्षांची घरपट्टी त्यानं भरलेली. पावत्यांचा गठ्ठा घेऊन तो अकोल्याला नगररचनेच्या कार्यालयात गेला.

"बाबा, कर भरला म्हणजे परवानगी मिळाली असं नसते," तिथल्या आरती मॅडम म्हणाल्या. बाई चांगली होती. नकाशा पसरून तिनं बोटानं दाखवलं. हे गावठाण. याच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत असता तर गोष्ट वेगळी होती. तुमचं शेत त्याच्या पुढं, हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेतीच्या झोनमध्ये. पुंजारामचं तोंड उतरलेलं पाहून ती पुढं म्हणाली, "अहो, शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात राहायचं घर बांधता येते. फक्त जमीन पुरी चाळीस गुंठे पाहिजे. तुमच्या सातबाऱ्यावर आहेच. मोजणी करून नकाशा आणा, काम होईल."

पुंजाराम हवेत तरंगतच घरी आला. दुसऱ्या दिवशी त्यानं वावरात दोरी धरून पांढऱ्या फक्कीनं घर आखलं. ही बैठक, हा सयपाकाचा कोपरा, दाराला जागा सोडलेली. पार्बताबाईला आटोत बसवून आणलं. ती सयपाकाच्या कोपऱ्यात बसली, अन् हा चहाचा थर्मास घेऊन सरळ रेघ ओलांडून आत आला.

"भितीतून कावून येऊन राहिले तुमी? दार नाई दिसत?" ती म्हणाली. म्हातारा मुकाट्यानं वळसा घालून दारातून आला. मग रोज दुपारी दोघं तिथं जात. चार रेघांमध्ये बसून खोकलाही कमी येतो, असं ती म्हणे. खरं होतं की नाही, देव जाणे.

मोजणीवाले साहेब आले ते दसऱ्यानंतर. दिवसभर मोजलं, अन् शेवटी ओढ्याकडच्या टिनाच्या शेडपाशी थांबले. ते गावाचं स्मशान. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या शेतातल्या खुशालरावांच्या आईचं सरण भर पावसात पेटेना, तेव्हा पार्बताबाईनंच ओढ्याकडचा तुकडा गावाला देऊन टाकला होता. साध्या कागदावर सही केली, शेड उभं राहिलं, अन् फेरफार राहून गेला. साऱ्या गावाचे फेरफार पाहणाऱ्या पुंजारामला हा एक सुचला नव्हता.

"ही जागा कोणाची?" साहेबांनी विचारलं. "तुमची असेल तर चाळीस भरतात. नाहीतर अडतीस."

पुंजारामला क्षणात सगळं कळलं. सातबाऱ्यावर चाळीसच होते, कोण तपासणार होतं? जन्मात पहिल्यांदा खोटं बोलायला त्यानं तोंड उघडलं.

"तिकडची जागा गावाची हाय साहेब," रेघांच्या आतून पार्बताबाई बोलली. "म्या देल्ली."

साहेबांनी अडतीस लिहिले. ते गेल्यावर पुंजाराम तिच्यावर पहिल्यांदा चिडला. "गप राह्यली असती त काय गेलं असतं तुयं?"

"लोकायच्या मढ्याखालची जमीन परत घेऊन त्यात निजू का मी?" ती म्हणाली.

मग धावपळ. आपल्या शेतातले दोन गुंठे द्यायला खुशालराव एका पायावर तयार, पण एवढा लहान तुकडा विकायला तुकडेबंदीचा कायदा आडवा. त्यावर वाट काढायला नवा अर्ज, नवी तारीख. पुंजाराम आठवड्यातून तीनदा अकोल्याला जाई. अर्जाचं उत्तर यायच्या आधीच, मार्गशीर्षात, पार्बताबाई त्या अंधाऱ्या गल्लीतच गेली.

तिला त्याच शेडमध्ये नेलं. कोणी झोन विचारला नाही, नकाशा मागितला नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले, तेव्हा समोर शेवंती ऐन भरात होती. पुंजाराम तिकडं वळला.

"खुशालराव," तो म्हणाला, "दोन गुंठे कमी पडले म्हणून घर नाई झालं तिचं. तेच दोन पुरले पाहा तिले. अन् तोंडही शेवंतीकडंच."

एवढं बोलून तो जो रडायला बसला, तो कोणाला आवरेना. उन्हं चढल्यावर उठला, फक्कीच्या रेघांकडे गेला. दंवानं त्या पुसट झाल्या होत्या. भिंत कुठं अन् दार कुठं हे आता त्याच्याशिवाय कोणाला ओळखू आलं नसतं. तो वळसा घालून गेला आणि दारातूनच आत शिरला.