अर्जंट गाडीतला चिखल

ती घटना आजही आठवली की डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा राग मी निवृत्तीच्या दिवशी गणवेशासोबत खात्यात जमा करून आलो. हा एक राग तेवढा घरी आला.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. भंडारा जिल्ह्यात हायवेवरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. या रस्त्याने 'अर्जंट' अशी लाल पाटी लावलेले ट्रक जायचे. एकच माल, एकच ठिकाण, मध्ये थांबायचं नाही. एखाद्या कारखान्याचं यंत्र बंद पडलं आणि सुटा भाग तातडीने हवा असला, की ट्रकमालक जास्तीचं भाडं लावून वेळेची हमी द्यायचा. हमी मालकाची, जागरण ड्रायव्हरचं. भाड्यात दोन ड्रायव्हर धरायचे आणि गाडीवर पाठवायचा एक. ड्रायव्हरचं लायसन मालकाच्या कपाटात. लायसन ताब्यात म्हणजे माणूस ताब्यात. दुसरीकडे जाईल कुठे?

धानाच्या रोवणीचे, पावसाचे दिवस होते. भर दुपारी शहापूरजवळ अशाच एका गाडीने एका सायकलवाल्याला उडवलं. तो जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होता, ड्यूटीवर निघाला होता. जागीच गेला. ट्रक कडेच्या बाभळीला जाऊन अडकला आणि चालक फरार झाला.

मी घटनास्थळाचा पंचनामा केला. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. केबिनमध्ये देवाचा फोटो, अगरबत्तीचं घर, त्यात विझवलेली सिगरेटची थोटकं, पायदानापासून पेडलपर्यंत चिखल. मोटार वाहन निरीक्षक तपासणीला येईपर्यंत गाडी हलवायची नव्हती. केबिनला कुलूप लावून मी पहाऱ्याला शिपाई बसवला.

संध्याकाळी नागपूरहून मालकाचा फोन आला. पहिला प्रश्न, "माल ठीक आहे ना?" मेलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. पाठोपाठ वरून आदेश आला, माल सोडा. तिकडे त्या माणसाचं शवविच्छेदन व्हायचं होतं, आणि इकडे माल दुसऱ्या गाडीवर चढून रवानासुद्धा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः ठाण्यात हजर. सोबत वकील आणि एक उतारवयाचा ड्रायव्हर. "साहेब, हा माझा ड्रायव्हर. आम्ही कानून मानणारे लोक." वकिलाच्या पिशवीत ड्रायव्हरचं लायसन होतं, जामिनाचे कागदही तयार होते. आमच्या हवालदारांना बरं वाटलं, काम आपल्या पायांनी चालत आलं.

मयताचा भाऊ बाहेर बाकावर बसला होता. त्याने म्हाताऱ्याला निरखून पाहिलं.

"साहेब, ह्या बुढ्याच्यानं धड उभं राहवत नाही. ह्यानं मारलं माह्या भावाले? आता भाऊबी असाच बदली पाठवतेत का मले?"

मी मालकाला बाहेर बसवून म्हाताऱ्याची चौकशी सुरू केली.

"उस्ताद, सायकलवाला कुठून आला?"

"उजव्या बाजूनं जी."

"गिअर?"

"चौथा."

"ब्रेक का नाही मारला?"

"झोप लागली जी. टाका ना मले आत. काहून इतकं विचारता?"

उत्तरं चोख होती. माझा अनुभव असा, की अपघात केलेला माणूस अडखळतो, रडतो, एकच गोष्ट तीनदा वेगळी सांगतो. पाठ केलेला माणूस अडखळत नाही. एक झोपेचं उत्तर तेवढं खरं वाटलं. डोळे लालभडक होते त्याचे.

तेवढ्यात हवालदाराने कानात सांगितलं, शहापूरची चहावाली काही बोलते आहे. मी तिच्या टपरीवर गेलो.

"बुढा नव्हता जी," ती चुलीकडे पाहतच म्हणाली. "केसं वाढवलेला पोट्टा होता. इथंच चहा पिला, चहा पानचट म्हनून माह्यावर खेकसला अन् टपरीपुढच्या चिखलातून तसाच गाडीत बसला. थोड्या वेळात धाडकन आवाज. मंग बांधीतून पळाला, धानाचा चिखल तुडवत."

"बाई, जबाब द्याल का?"

"नाही जी. ह्याच मालकाच्या बाकीच्या गाड्या इथं थांबतेत. माही चूल कोनाच्या भरोशावर पेटवू?"

टीप मिळाली, पण सहीशिवाय. आणि नाव कुणाचंच नाही.

दुपारी निरीक्षक आले. ब्रेक तपासायला चालक हवा म्हणून म्हाताऱ्याला जागेवर नेलं. मालकही छत्री उघडून आला. पंच उभे होते. मी कुलूप काढलं.

म्हाताऱ्याने चपला काढल्या. पायदानाखाली नीट जोडून ठेवल्या. पायदानाला हात लावून कपाळाला लावला, एक पाय वर टाकला, आणि आत पाहून तसाच थिजला.

"कोन चढला रे बूट घालून?"

आवाज असा, की निरीक्षकसुद्धा दचकले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने तो क्लचचा चिखल पुसायला लागला. मी हात धरला. तेवढ्यात त्याला थोटकं दिसली.

"इथं विझवली? देवापुढं?" तो गर्रकन मालकाकडे वळला. "शेठ, तुमच्या पोट्ट्याले मी सांगतलं होतं! चपला काढून बस म्हनलं होतं! माह्या गाडीत मी कधी पायात काही घालून बसलो नाही!"

मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. तो पायदानावरच बसला.

"बुढा पागल झाला," मालक म्हणाला.

"पंच, ऐकलंत ना?" मी विचारलं. दोघांनी माना डोलावल्या.

सगळं तिथेच बाहेर पडलं. तो मुंबईहून न झोपता नागपूरला आला होता. 'डोळे मिटून राहिले, थोडं झोपू द्या' म्हणाला, तर मालकाच्या मुलाने त्याची टिंगल केली आणि याला नागपूरलाच सोडून, गाडी कशी पळवतात ते दाखवायला स्वतः बसला. अपघातानंतर मालकाने याच्याकडून रात्रभर उत्तरं घोकून घेतली आणि बजावलं, तू हजर हो. सुटून आलास की हीच गाडी तुझ्या हातात. नाही म्हणालास तर आजच दुसरा बसवतो.

"गाडीसाठी जेल, उस्ताद?"

"दुसरं काय आहे जी माह्यापाशी? बारा महिने हिच्यातच राहतो."

परतल्यावर मालक माझ्या टेबलाजवळ वाकला. "साहेब, तुम्ही पढेलिखे. समझदारी घ्या. ड्रायव्हर राजी आहे, मी राजी आहे. कोनाचं काय बिघडून राहिलं?"

मी बाकावरच्या भावाकडे बोट केलं. "त्याला विचारा."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बापाने दुसऱ्याच्या धानाचे भारे डोक्यावर वाहून मला शिकवलं, ते या समजदारीसाठी नव्हे.

मुलाला अटक केली. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे संध्याकाळी तो घरी जेवायला पोचला. म्हाताऱ्याने मात्र दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. खटल्यात चहावाली न बोलावता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "बुढा बोलला तं मी काहून चूप बसू?" शिक्षा झाली, थोडकी झाली. लायसन मी मुद्देमाल म्हणून जप्त केलं होतं, ते कोर्टाच्या हुकमाने म्हाताऱ्याच्या हाती दिलं. मालकाच्या नव्हे. पण त्या लाइनीवर त्याला कुणी गाडी दिली नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते हे, की कायदा विचारतो स्टिअरिंगवर कोण होतं. ड्रायव्हरला झोपू कुणी दिलं नाही, हे विचारणारं कलम मला पूर्ण नोकरीत सापडलं नाही. म्हणून पुढे प्रत्येक अपघातात मी ड्रायव्हरला पहिला प्रश्न एकच केला, तुझं लायसन कुणाजवळ आहे? उत्तर ऐकून पुष्कळदा संतापच आला.

काही वर्षांनी लाखांदूरकडे बंदोबस्ताला जाताना आमची जीप बंद पडली. मागून धानाची पोती भरलेला राइस मिलचा ट्रक आला. स्टिअरिंगवर तोच. मी आनंदाने पायदानावर पाय ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "बूट."

माझे शिपाई पाहत राहिले. मी खाली उतरलो, रस्त्यावर उभं राहून नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि वर चढलो.

"हळू चालवतो हं," तो म्हणाला. "धानाले घाई नसते."